खुल्या माळावरील प्राणिसंग्रहालय : व्हिप्स्नेड

प्राणिसंग्रहालयाचा पाठ घेताना मुलांच्या डोळ्यांपुढे बहुधा लोखंडी गजांचा पिंजराच उभा राहतो. १८२८ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये निघालेल्या संग्रहालयाचे रूपही पुष्कळ काळ तसेच होते. जागा अवघी ३६ एकर. शिवाय उष्ण प्रदेशातील जनावरे इंग्लंडच्या थंडीत तगावयाची नाहीत, या समजुतीने त्यांस बंद, ऊबदार घरांत ठेवीत. संस्थेचे चिटणीस पीटर चाल्मर्स मिचेल यांस हे पटेना. मोकळी हवा व हिंडावयास जागा मिळाली म्हणजे जनावर अधिक निरोगी राहते, असे त्यांचे मत होते.

डिसेंबर १९२६ मध्ये संस्थेने बेडफर्डशायर परगण्यात, व्हिप्स्नेड गावाजवळ, सुमारे ६०० एकरांची एक पडीक शेतवाडी विकत घेतली. १९२८ साली तेथे पहिले रहिवासी आले, ते सिंह-वाघ नव्हेत. तीन फेझंट पक्षी व पाच रानकोंबड्या! हीच रानकोंबडी घरोघरच्या कोंबडीची पूर्वज होय, हे मुलांस अवश्य सांगावे. २३ मे १९३१ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले.

६०० एकर हा आकडा मुलांस नुसता सांगून कळणार नाही. शाळेच्या पटांगणात तेहतीस फूट लांब व तितकीच रुंद जागा आखून एक गुंठा दाखवावा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मग त्या एका गुंठ्यात वाघाने जन्म कसा काढावा, हा प्रश्न मुलेच विचारतील.

मात्र व्हिप्स्नेडला कुंपण नाही असे कोणी समजू नये. तेथील मोकळेपणा माणसाने मोजून दिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील काही प्राणी सुरक्षिततेसाठी येथे हलविले होते. तरी १९४० मध्ये या माळावरही ४१ बाँब पडले. त्यांत एक वृद्ध हंसपक्षी दगावला आणि जिराफाचे एक पोर भयाने धावधावून मेले. जागा विस्तीर्ण होती, पण भीतीला ती पुरली नाही. बाँबने पडलेल्या काही खड्ड्यांची पुढे तळी केली.

या प्रयोगाची खरी कसोटी प्रेक्षकांची गर्दी नव्हे, प्राण्यांची वीण होय. १९५७ साली येथे मोहन व मोहिनी या भारतीय एकशिंगी गेंड्यांच्या जोडीस ‘मंजुला’ हे पिलू झाले. ब्रिटनमध्ये जन्मलेले त्या जातीचे ते पहिलेच. चीनमधील मिलू हरणाची कथा याहून मोठी आहे. मायदेशी ती जात नाहीशी झाली होती. त्याच परगण्यातील वोबर्न येथे एका उमरावाने पाळलेल्या कळपामुळे तिचा वंश उरला. पुढे व्हिप्स्नेडलाही तिचा कळप वाढला, आणि १९८६ साली ३९ मिलू चीनमधील दाफेंग येथे परत गेले. त्यांतील बहुतेक व्हिप्स्नेडचे होते.