दाराशी उभे असलेले

वाचन : हाग्गय १:१-११, याकोब २:१-९



मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर दररोज असंख्य माणसे उतरतात. हे कोणत्या चर्चचे गेट, असा प्रश्न त्यांच्यापैकी थोड्यांनाच पडत असेल. ते चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथीड्रल. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या मंदिराकडे वाट जाई, त्याला चर्चगेट म्हणत. एकोणिसाव्या शतकात तट पाडले गेले, दरवाजाही गेला. नाव मात्र टिकले.

या मंदिराचा आरंभ गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांनी १६७६ मध्ये केला. १६७७ मध्ये ते निवर्तले आणि काम थांबले. सुमारे चाळीस वर्षे भिंती छपरावाचून उभ्या होत्या. व्यापार वाढत होता, वखारी भरत होत्या. देवाचे घर तेवढे अपुरे होते. हाग्गयाच्या काळी यरुशलेमेत हेच घडले नव्हते काय? १७१४ मध्ये रिचर्ड कॉब हे पाळक म्हणून मुंबईस आले. त्यांनी उपदेशातून लोकांना जागे केले, वर्गणी गोळा केली, आणि १७१८ च्या नाताळात मंदिर उपासनेसाठी उघडले.

त्या दिवसाची एक गोष्ट कॉब यांनी स्वतः नोंदविली आहे. शहरातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ रामा कामती आपल्या जातबांधवांसह आले होते. ते बाहेर उभे राहून आत पाहत होते, आणि उपासनेची शिस्त त्यांना इतकी आवडली की ती संपेपर्यंत ते तेथून हलले नाहीत. पुढे दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, याच रामा कामतींना कंपनी सरकारने राजद्रोहाच्या आरोपावरून कारावासात टाकले. त्यांच्याविरुद्धचा पुरावा बनावट होता, असे पुढे मानले गेले.

नाताळच्या दिवशी जो शेजारी दाराशी उभा होता, त्याला त्याच शहराच्या ख्रिस्ती सत्ताधीशांकडून न्याय मिळाला नाही. मंदिर पूर्ण झाले होते. शेजारप्रीती अपुरी होती. याकोब आपल्याला याच ठिकाणी अडवितो. सभास्थानात कोणाला कोठे बसवितो, यावरून तो आपला विश्वास पारखतो.

१८३७ मध्ये मुंबईचा बिशपप्रांत स्थापन झाला व हे मंदिर कॅथीड्रल बनले. १८६० मध्ये त्याच्या आश्रयाने सुरू झालेल्या शाळेतूनच आजचे कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूल घडले. आतल्या स्मारकांत गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक पाहावे. काशी व काठियावाड येथील बालहत्येची प्रथा थांबविण्याच्या त्यांच्या प्रयत्नांची आठवण त्यावर कोरलेली आहे. ज्या लेकरांना कोणी वाली नव्हता, त्यांची आठवण वेदीच्या सान्निध्यात राहावी, हे योग्यच झाले. १९७० पासून हे मंदिर उत्तर भारतीय मंडळीचे, म्हणजे याच भूमीतील ख्रिस्तीजनांचे आहे. एके काळी ज्यांचे देशबांधव बाहेर उभे होते, तेच आज आत प्रभुभोजन घेतात. ही देवाची कृपा होय.

वाचकहो, आपण दिल्लीत असा, नागपुरात असा वा इंदुरात, आपल्याही मंडळीचे मंदिर कदाचित जुने असेल. त्याच्या छपराची व रंगाची काळजी अवश्य घ्या. हाग्गय तेच सांगतो. परंतु उपासना चालू असताना दाराशी कोण उभे आहे, हेही एकदा वळून पाहा.

मननासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीत नवख्या माणसाचे स्वागत प्रथम कोण करतो?
२. आपल्या मंदिराच्या शेजारी राहणाऱ्या किती जणांना आपण नावाने ओळखतो?
३. त्यांच्यापैकी कोणावर अन्याय झाल्यास मंडळी काय करील?