बाऱ्हाळी बाऱ्हाळीला का ओळखत नाही?

प्रश्न : मी विष्णुपुरीला संगणक अभियांत्रिकी शिकतो. प्रकल्पासाठी नांदेड जिल्ह्यातल्या गावांच्या दोन याद्या, एक पावसाची आणि एक पिकांची, गावाच्या नावावरून जोडल्या. बहुतेक गावं जुळली, पण मुखेड तालुक्यातलं बाऱ्हाळी काही केल्या जुळेना. पडद्यावर दोन्हीकडे नाव हुबेहूब सारखं दिसतं. मग संगणकाला फरक कुठे दिसतो? (एक विद्यार्थी, विष्णुपुरी)

उत्तर : आधी तुमच्या पत्त्यातलंच नाव घेऊ. विष्णुपुरी म्हटलं की आपण वि-ष्णु-पु-री अशी ४ अक्षरं मोजतो. युनिकोडमध्ये व, ष, ण, प, र या व्यंजनांना, दोन वेलांट्यांना, दोन उकारांना आणि ष चा पाय मोडणाऱ्या खुणेला वेगवेगळा संकेतांक आहे. म्हणजे झाले १०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, म्हणजे ३०. इंग्रजी नावांच्या अंदाजाने कुणी २० बाइटांचा रकाना ठेवला, तर ‘विष्णु’ मावेल आणि ‘पुरी’ बाहेर राहील.

आता बाऱ्हाळी. यातला आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा म्हणजे साधा ‘र’, पाय मोडायची खूण आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर ही न दिसणारी जोडखूण. पहिली रीत आपल्याकडच्या इस्की या प्रमाणाला धरून आहे. दुसरी १९९६ च्या युनिकोड २.० मधली. जुना मजकूर बिघडू नये म्हणून पुढे दोन्ही चालू ठेवल्या. म्हणून एका यादीतलं बाऱ्हाळी ८ संकेतांकांचं आहे आणि दुसरीतलं ९ चं. पायथॉनमध्ये दोन्हींची लांबी मोजून बघा, लगेच कळेल. तिसरा प्रकार तुम्ही वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर पाहिला असेल, ‘शेतक-यांना’. तसं ‘बा-हाळी’ लिहिलं की संकेतांक भरतात ७.

‘मग युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवतो,’ असं तुम्ही म्हणाल. जरूर चालवा, पण त्यावर विसंबू नका. र खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ आणि एकसंध ‘ऱ’ यांना एनएफसी हे नॉर्मलायझेशन एक करतं. जोडखुणेच्या रीतीला मात्र ते हात लावत नाही. अ वर चंद्र दिलेला ‘अॅ’ आणि २००८ साली युनिकोडमध्ये आलेला एकसंध ‘ॲ’, किंवा अ ला काना देऊन केलेला आ आणि खरा ‘आ’, याही जोड्या त्याच्या लेखी वेगळ्याच राहतात. यांचे नियम आपले आपणच लिहायचे.

नियम लिहिताना क्रम चुकवू नका. ‘न दिसणारी चिन्हं आधी पुसून टाकू’ हा मोह अनेकांना होतो. पण जोडखूण पुसली की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातला माणूस समुद्रात पडतो. बाऱ्हाळीच्या र चाही रफार होऊन बसतो. म्हणून र, पायमोड आणि जोडखूण हे त्रिकूट आधी ‘ऱ’ आणि पायमोड असं बदला. उरलेल्या जोडखुणांचं काय ते नंतर ठरवा. उलट बाजूने, प्रत्येक ‘र्य’चा ‘ऱ्य’ करू नका. ‘आचार्यांना’ जेवायला बोलावणं आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाला बोलावणं वेगळं.

हे सगळं एक्सेलमध्ये हाताने करू नका. आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा आणि तिच्यात अक्षरही बदलू नका. दुरुस्ती छोट्या प्रोग्रॅमने करा, तो गिटमध्ये ठेवा, आणि बाऱ्हाळीचे तिन्ही अवतार, दऱ्या-दर्या, आचारी-आचार्य ही उदाहरणं त्याच्या चाचण्यांत घाला. उद्या नवा नियम जोडला आणि जुनं काही बिघडलं, तर चाचणी तिथल्या तिथे सांगेल. जी नावं तरीही जुळणार नाहीत त्यांची वेगळी यादी काढा. अंदाजाने जुळवून टाकू नका, कारण न जुळलेलं गाव निदान दिसतं, चुकीचं जुळलेलं दिसत नाही.

शेवटचं, पण खरं तर प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी करायचं काम. गावं नावावरून जोडूच नका. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, आणि तिथे युनिकोड कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला ६ आकडी संकेतांक आहे, केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही गावाचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. दोन्ही याद्यांत यांपैकी एकच क्रमांक भरून घ्या आणि जोडणी त्यावरून करा. नाव माणसांनी वाचण्यापुरतं ठेवा.