एक शब्द, अर्थ पुष्कळ

आज आपण एकच शब्द घेऊ : जागा.

एसटीत चढलो की आपण विचारतो, "दादा, जागा आहे का?" इथे जागा म्हणजे बसायला बाक. गडी सांगतो, "बैल जागेवर बांधलाय." इथे जागा म्हणजे नेहमीचे ठिकाण. शाळेच्या फळ्यावर लिहितात, 'शिपायाची एक जागा भरणे आहे.' इथे जागा म्हणजे नोकरी. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जागा म्हणजे सभासदाचे पद. महाराष्ट्रात २०११ सालापासून यांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत.

घराच्या खरेदीखतात जागा म्हणजे जमीन. इथे जरा थांबा. नुसते 'माझी जागा' म्हणून भागत नाही. जागा कोणती? केवढी? तिचा नंबर काय? पूर्वेला कोणाचे घर, पश्चिमेला कोणाचे? दक्षिणेला काय, उत्तरेला काय? या चार बाजूंच्या हद्दींना चतुःसीमा म्हणतात. कागदावर त्या आहेत का, ते बोट ठेवून वाचा. जागेवर जाऊन ताडून बघा. अडले तर जाणत्याला विचारा. मगच सही करा. न वाचता अंगठा उठवला, तर मागून पस्तावायची पाळी येते.

एक अर्थ राहिलाच. पहाटे आई विचारते, "बाळा, जागा झालास का?" इथे जागा म्हणजे झोपेतून उठलेला. अक्षरे तीच, अर्थ निराळा.

आपण एवढे ध्यानात ठेवू : जागेचा कागद वाचताना माणूस जागा हवा.