लाकडावरील ठसा आणि संगणकाची सुरक्षा

नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज ही इमारती लाकडाची जुनी पेठ होय. आरागिरण्यांच्या आवाजात येथील व्यवहार चालत आले. आता त्या व्यवहारांतील रकमांची देवघेव बव्हंशी भ्रमणध्वनी व संगणक यांच्याद्वारे होते. साहजिकच वखारीतील एखाद्या हिशेबनिसाच्या मुलास सायबर सुरक्षेचा अभ्यास करावासा वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु या विषयाच्या दाराशीच अनेकांचे पाऊल अडखळते.

पहिली अडचण इंग्रजीची सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धीच. अभ्यासकास अडविते ती मुख्यतः अनोळखी कल्पना. आणि कल्पना तर पेठेतच पडलेली असते. जंगलातून येणाऱ्या ओंडक्यावर वन खात्याच्या हातोड्याचा ठसा असतो, सोबत वाहतूक पास असतो. नाक्यावरील कर्मचारी ठसा पाहतो, पासावरील संख्या व मापे मालाशी ताडून पाहतो आणि मगच गाडी सोडतो. ठसा कोणालाही पाहता येतो. हातोडा मात्र अधिकाऱ्याच्याच ताब्यात असतो. अंकीय स्वाक्षरीचे तत्त्व हेच. स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली एकाजवळच राहते व ती पडताळण्याची किल्ली सर्वांस खुली असते. मापे ताडण्याचे काम संगणकात ‘हॅश’ करतो. ‘शा-२५६’ या पद्धतीत मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, त्याचा सारांश २५६ बिटांचाच निघतो. मजकुरातील एक अक्षर बदलले, की सारांश पार पालटतो. उपमा येथवरच चालते. ठसा लाकडावर असतो, तर अंकीय स्वाक्षरी मजकुराशीच बांधलेली असते. एका कागदावरून काढून ती दुसऱ्यास लावता येत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक भाग समजतो, परंतु घडलेला गुन्हा मात्र उलगडत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील व भारतातील एटीएम यंत्रांतून रकमा काढण्यात आल्या. १३ ऑगस्ट रोजी ‘स्विफ्ट’ या संदेश-यंत्रणेमार्फत हाँगकाँगमधील खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळविण्यात आले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे होते. खातेदारांच्या शिलकेची विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही. मध्येच उभ्या केलेल्या बनावट स्विचने कार्डांच्या मागण्या परस्पर मंजूर केल्या. खऱ्या नाक्याच्या अलीकडे कोणी खोटा नाका थाटावा आणि तेथील माणसाने प्रत्येक गाडीस होकार द्यावा, तसाच हा प्रकार. हे एकदा ध्यानी आले, की नवशिक्याचा प्रश्नच बदलतो. परवलीचा शब्द किती अवघड आहे, एवढेच तो विचारीत नाही. होकार कोण देतो आणि त्या होकाराची पडताळणी कोण करतो, हेही तो विचारू लागतो.

यंत्राची अडचण त्या मानाने लहान. ४ जीबी स्मृतीच्या जुन्या संगणकावरही चित्रमय पडद्याविना लिनक्स चालते. आज्ञा टंकून काम करावे लागते, हा तोटा नसून लाभच आहे. ‘वायरशार्क’ हे विनामूल्य साधन घेऊन स्वतःच्या संगणकातून जाणारे-येणारे संदेश पाहावेत. चुकीचा संदेश पडद्यावर आला, की तो जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा आणि त्याखाली केलेला उपाय लिहावा. महिन्याभरात ही वहीच विकतच्या पुस्तकापेक्षा उपयोगी ठरते.

खरा धोका उत्साहाचा. थोडे ज्ञान हाती येताच शेजारच्या दुकानातील संगणक ‘तपासून’ पाहण्याचा मोह होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये विनापरवानगी प्रवेशाचा समावेश आहे. असे कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यास्तव सराव स्वतःच्या यंत्रावर करावा. दुकानदाराने साहाय्य मागितले, तर आधी त्याची लेखी परवानगी घ्यावी, आणि कोणते यंत्र, किती दिवस व कोणती तपासणी, हे त्या कागदावर स्पष्ट लिहून त्याची सही घ्यावी. फसवणूक होऊन गेल्याचे आढळल्यास यंत्राशी खटपट करीत न बसता दुकानदारास प्रथम १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास सांगावे. रक्कम पुढील खात्यांतून निघून जाण्यापूर्वी रोखण्याची संधी सुरुवातीच्या काही तासांतच अधिक असते.