मस्तगड ते राजूर: पिशवीत मीठ, डोक्यात गोष्ट

जालन्यात अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. अंतर साधारण 25 किलोमीटर. चालायची सवय नसलेल्याला हा आकडाच घाबरवतो. अशा वेळी व्यायामाच्या पुस्तकापेक्षा अद्भुतकथा जास्त कामाला येते, असं माझं ठाम मत आहे.

टॉलकिनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घ्या. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. लढाया आहेतच, पण पानंच्या पानं निव्वळ चालण्याची आहेत. नायक फ्रोडोसोबत निघालेला सॅम हा माळीकाम करणारा साधा गडी. त्याच्या बोचक्यात भांडी असतात, मिठाची डबी असते आणि दोर मात्र राहून गेलेला असतो. पुढे शत्रूच्या मुलखात, मॉर्डोरमध्ये, अंगात त्राण उरत नाही, तेव्हा इतक्या लांबवर वाहून आणलेली ती भांडी तो दरीत टाकून देतो. पाणी आणि खाणं मात्र ठेवतो. निघण्याच्या आदल्या रात्री सॅक भरताना हा प्रसंग आठवा. पाणी, मीठ-साखर, केळी, टॉर्च, जास्तीचे मोजे. बाकी सगळं घरी.

चालायला बळ देणारं आपल्याकडचं उदाहरण तर याहून मोठं आहे. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता कड्यावरून पडले आणि त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्या अपघातानंतर ते वाचनाकडे आणि लेखनाकडे वळले. 1913 साली ‘वीरधवल’ ही त्यांची अद्भुतरम्य कादंबरी आली. स्वतः चालू न शकणाऱ्या माणसाने वाचकांना केवढं फिरवून आणलं! पाय कुरकुरू लागले की मला नाथमाधव आठवतात आणि पुढचं वळण गाठता येतं.

सुरुवात जालन्यातल्या मस्तगडावरून करावी. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने 1725 मध्ये बांधलेली ही गढी. आतल्या विहिरीच्या भिंतींत सज्जे आणि खोल्या असल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. अद्भुतकथेला याहून चांगलं पहिलं पान कुठलं मिळणार?

पुस्तक पहिल्यांदा आदल्या रात्री उघडू नका. दोन-तीन आठवडे आधी रोज एक प्रकरण वाचा आणि तेवढ्याच नेमाने जालन्याच्या मोती तलावाकडे चालून या. राजूरला निघायच्या दिवशी मग 25 किलोमीटरचा हिशेब मनात ठेवायचा नाही. पुढचा चहा, पुढचं गाव एवढंच. फ्रोडो-सॅमही असेच मुक्कामामागून मुक्काम करत जातात. थांब्यावर बूट काढा, पाय वर करून बसा आणि सोबत्याला आदल्या रात्रीचं प्रकरण सांगा. सांगणारा दमणं विसरतो, ऐकणाराही.

मराठवाड्याचं ऊन मात्र कुठल्याच गोष्टीला जुमानत नाही. एकट्या-दुकट्याने जायचं तर हिवाळा निवडा आणि पहाटे चारला निघा. ताशी चार किलोमीटर धरले तर थांबे मिळून आठ तास लागतात. अंधारात भोकरदनच्या रस्त्याने समोरची वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चाला, अंगात फिकट रंगाचे कपडे असू द्या. तळपायाला चटका जाणवला की फोड येण्याआधीच तिथे चिकटपट्टी लावा. येताना एसटीने या.