टाइम-लॅप्स छायाचित्रण आणि विजेचा हिशोब



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले व ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच स्थळी आज चैत्यभूमी उभी आहे. दरवर्षी तेथे अभिवादनासाठी लाखोंचा समुदाय येतो. रात्रभर शिस्तीने पुढे सरकणारी ती रांग म्हणजे आपल्या समाजाचा जिवंत इतिहास होय. तो आपणच नोंदवून ठेवला पाहिजे. टाइम-लॅप्स छायाचित्रण हे त्याचे उत्तम साधन आहे. परंतु मध्यरात्री बॅटरी संपली, तर तेवढी रात्र कायमची हातची जाते.

या पद्धतीत कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतात व ती सलग दाखवितात. सायंकाळी ६ ते सकाळी ६ दर ३० सेकंदांनी एक छायाचित्र घेतल्यास १४४० छायाचित्रे होतात. सेकंदाला २४ या गतीने त्यांचा एक मिनिटाचा चित्रपट बनतो.

आता विजेचा हिशोब पाहू. तो वॅट-तासांत करावा. बॅटरीवर एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, हा आकडा असतो. त्याला व्होल्टने गुणून १००० ने भागले की वॅट-तास मिळतात. बॅटरी ७.२ व्होल्ट व १८०० एमएएचची असेल, तर सुमारे १३ वॅट-तास झाले. कॅमेरा सरासरी ४ वॅट वीज घेतो असे धरल्यास ती जेमतेम तीन तास पुरेल. बारा तासांना ४८ वॅट-तास लागतील.

बॅटरी वारंवार बदलताना कॅमेरा हलतो आणि चित्र उडी मारते. यावर उपाय म्हणजे डमी बॅटरी. बॅटरीच्या आकाराचा हा ठोकळा कॅमेऱ्यात बसवून बाहेरून वीज देता येते. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टप्रमाणे ७४ वॅट-तास असतात. त्यातील चौथा भाग वाया गेला असे धरले तरी सुमारे ५५ उरतात. हे काठावरचे गणित आहे. म्हणून दुसरी पॉवर बँक जवळ असावी.

पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) डमी बॅटरीचा व्होल्टेज कॅमेऱ्याला जुळणाराच असावा.

२) काही कॅमेरे यूएसबीवरून बंद असतानाच चार्ज होतात, चालू असताना वीज घेत नाहीत. माहितीपुस्तिका आधी वाचावी.

३) काही पॉवर बँका भार कमी असल्यास आपोआप बंद पडतात. घरी पूर्ण बारा तास चाचणी घ्यावी.

४) मागचा पडदा, वाय-फाय व ऑटोफोकस बंद ठेवावेत. विजेची बचत होते.

५) वायर तिपाईला बांधावी, लोकांच्या वाटेत येऊ देऊ नये. पॉवर बँक दवापासून जपावी, पण कापडात गुंडाळू नये, ती तापते.

सर्व काही अनित्य आहे, गेलेला क्षण परत येत नाही. म्हणूनच पूर्वतयारीला महत्त्व आहे. पुढील वर्षीच्या अभिवादनापूर्वी प्रत्येक गटाने हा हिशोब वहीत मांडून पाहावा.

जय भीम! नमो बुद्धाय!