पावडर वेगळी, पाणी वेगळे

प्रश्न : मुलांच्या अँटिबायोटिकच्या बाटलीत कोरडी पावडर आणि सोबत पाण्याची कुपी असते. पॅरासिटामॉलसारखे हे औषध तयारच का देत नाहीत? उरलेले पुढच्या आजारपणात चालेल का?

उत्तर : उरलेले चालणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्या पहिल्या प्रश्नातच आहे. अशा बाटलीत बहुधा असणाऱ्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराला ते जखडते ते या ताणामुळेच. पण त्याच ताणामुळे साधे पाणीही ते कडे हळूहळू फोडते. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याचा नाशवंतपणा एकाच ठिकाणी आहेत. अनेकदा त्याच्या जोडीला असणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल तर आणखी नाजूक. पॅरासिटामॉलच्या रेणूत असे कडे नाही, म्हणून ते पातळ स्वरूपात दीर्घकाळ टिकते. पावडर आणि पाणी वेगळे देणे ही कंपनीची क्लृप्ती नव्हे.

वास-रंग ठीक आहे, मग काय बिघडले, असे अनेकजण विचारतात. कडे फुटल्याची खूण चवीत किंवा रंगात दिसेलच असे नाही. मात्रा मात्र अपुरी पडते. म्हणून या जोडीचे कालवलेले औषध फ्रीजमध्ये ठेवून सहसा ७ दिवसांत संपवायचे असते (नेमकी मुदत लेबलवर पाहावी). निम्मीच पावडर कालवण्याची काटकसरही नको : उरलेली पावडर हवेतला दमटपणा शोषते आणि चमच्यातल्या मात्रेचा हिशेब चुकतो. पाणी खुणेपर्यंतच घाला, आणि प्रत्येक वेळी बाटली हलवा, कारण पावडर पूर्ण विरघळत नाही, तळाशी बसते.